राजकुंवरसाठी आणलेली पुस्तकं

१७ जुलै १९८८, रविवार

‘डॉक्टरीणबाईंचा घोडा’ संपवलं. एका संस्थानातल्या लेडी डॉक्टरच्या आठवणी. पहिली साठ पानं नुसती घराण्याची थोरवी — आजोबा कोण, पणजोबा कोण. बाई गं, बाळंतपणं तू केलीस की पणजोबांनी? पुढे मात्र घोडा येतो आणि पुस्तक जागं होतं. दरबारी मंडळींना बाईला नाडी दाखवायची लाज, पण घोड्याच्या खुराचं दुखणं बिनदिक्कत विचारतात. तिथे एकटीच मोठ्याने हसले.

वाचून झाल्यावर नेहमीसारखं मागच्या भिंतीवर ठेवलं, वर वीट. पलीकडून राजकुंवरने उचललं. वाचनालयाचं कार्ड माझं एकटीचं, वाचणाऱ्या दोघी. ग्रंथपालाला माहीत आहे. तो बोलत नाही, कारण बोलला तर त्याच्या दुपारच्या झोपेबद्दल मीही बोलेन.

सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून दिली. मला बोलायला माणूस मिळालं ते भिंतीपलीकडे.

२१ जुलै

राजकुंवरचा निकाल: “घोडा चांगला. बाई जरा जास्तच शहाणी.” बस. पुस्तकाबद्दल याहून लांब ती कधी बोलत नाही. तिचे यजमान लखीचंदशेठ कापसाचा पुंजका दोन बोटांत ओढायचे आणि माल कसा ते सांगून मोकळे व्हायचे. ते गेले, पण ती सवय हिच्यात राहिली.

“शहाणी म्हणजे माझ्यासारखी?” मी विचारलं.

“तुमच्याकडे घोडा नाही, बाईजी.”

२६ जुलै

एक कौटुंबिक कादंबरी. नाव लिहून ठेवण्याच्या लायकीची नाही. नायिका दर पाच पानांनी खिडकीशी जाऊन उभी राहते आणि बाहेर बघते. दिसत काहीच नाही. आमच्या भुसावळच्या मिशन शाळेतल्या सिस्टर बर्नाडेट असत्या तर म्हणाल्या असत्या — खिडकी लाव आणि जागेवर जाऊन बस.

राजकुंवरला दिली नाही. तिचा वेळ फुकटचा नाही.

३१ जुलै

राजकुंवरने पुस्तक न वाचता परत केलं. प्रवासवर्णन होतं, बरं होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

मग भिंतीशी उभी राहून, भाजी आणायला निघाल्यासारखं म्हणाली, “बाईजी, मी दीक्षा घ्यायची म्हणते.”

मला आधी कळलंच नाही. म्हणजे घर सोडून साध्वी व्हायचं. पांढरे कपडे, अनवाणी, केस उपटून काढायचे, गावोगाव पायी. पंख्याखाली बसायचं नाही. कोणाचं काही आपलं म्हणायचं नाही. बासष्टाव्या वर्षी! जिन्याच्या चार पायऱ्या चढली की गुडघा धरून थांबते ती.

म्हटलं, “वेड लागलंय का तुम्हाला?”

“लागलं असेल.”

“आणि पुस्तकं?”

 ती माझ्याकडे बघत राहिली. मीच आत आले.

१ ऑगस्ट

काही वाचलं नाही.

२ ऑगस्ट

मंदाबाई भांडी घासता घासता: “अक्का, भांडल्या का तुमी दोघी? भितीवर पुस्तक नही आज.”

म्हटलं, तू भांड्यांकडे बघ.

४ ऑगस्ट

अभयकुमार आला होता. राजकुंवरचा मुलगा. चाळिशीचा, दोन पोरींचा बाप, बाजारात दहा माणसांना हलवतो — आणि माझ्या खुर्चीत शाळेतल्या पोरासारखा बसला. दीक्षेला घरच्यांची आज्ञा लागते. चाळीसगावच्या बहिणीने दिली, धुळ्याच्या मामांनी दिली. याची तेवढी राहिली आहे.

“मावशी, तिच्या मनातलं मला समजत नाही. तुम्हाला समजतं.”

“मला काय समजतं? मी तिला पुस्तकं देते.”

“तेच. आम्हाला ती जेवलात का एवढंच विचारते. तुमच्याशी तासतास बोलते.” मग म्हणाला, “तुम्ही सांगाल ते करीन. जाऊ दे म्हणालात तर आज्ञा देतो. नको म्हणालात तर कधीच देणार नाही.”

“मग सोपं आहे,” मी म्हटलं. “नको.”

त्याने सुटकेचा श्वास सोडला. चहा घेतला. जाताना म्हणाला, “तिला आवडेल असं काहीतरी आणत राहा. धरून ठेवा तिला.”

मुलाला आई धरून ठेवता येत नाही, तर शेजारणीला सांगतो. असो. नाही म्हणाले नाही.

९ ऑगस्ट

वाचनालयातून ‘धर्मशाळेतली बंद खोली’ आणलं. रहस्यकथा, तीन भाग. मी एरवी असल्या पुस्तकांना चिमट्याने धरते. पण पहिला भाग अशा जागी तोडलाय की देवालाही दुसरा मागावा लागेल. भाषा भिकार. प्रेताचं वर्णन स्वयंपाकाच्या पुस्तकातल्यासारखं. तरी वाचत गेले, दूध उतू गेलं.

भिंतीवर ठेवलं, वीट ठेवली. मनात म्हटलं, सोडून दाखव आता संसार.

१३ ऑगस्ट

“दुसरा भाग आहे का, बाईजी?”

आहे! आहे ना!

२२ ऑगस्ट

मंदाबाई कानबाईच्या सणाला, रोटांच्या नैवेद्यासाठी जामनेरला गेलेली, सगळं घर माझ्या अंगावर. तरी दुसरा भाग वाचून काढला. पहिल्यापेक्षा वाईट. लेखकाला वाटतं, माणूस अंधारात गेला की आपोआप गूढ होतो. राजकुंवरला दिला. तिसरा मुद्दाम आणला नाही. दिवाळीपर्यंत लांबवायचा.

संध्याकाळी ती म्हणाली, “खून मुनीमजींनी केला.”

“तुम्हाला काय माहीत? तिसरा भाग वाचला का?”

“पहिल्या भागात मालक मेल्याचं कळतं तेव्हा ते आधी दुकानाची किल्ली चाचपतात. आमच्याकडे पाच मुनीम होऊन गेले. तिसरा नाही आणलात तरी चालेल.”

एवढा बेत केला होता मी. ती मात्र हसली. पूर्वीसारखी हसली, ते पुरे.

३ सप्टेंबर

चूक झाली. मोठी चूक झाली. ‘नर्मदेच्या काठाकाठाने’ — एका मास्तराने पायी केलेल्या प्रवासाची हकिकत. पुस्तक खरंच चांगलं. माणूस स्वतःबद्दल कमी बोलतो, नदीबद्दल जास्त. पायांना फोड आले ते एका ओळीत सांगतो आणि पुढे चालू लागतो. मला वाटलं, फोड, काटे, उपाशी दिवस — वाचून ही घाबरेल.

दोनदा वाचलं तिने! परत देताना पुस्तकावरून हात फिरवला. म्हणाली, “बघा, हळूहळू चाललं की होतं.”

मास्तरांना काय माहीत, त्यांनी माझं केवढं नुकसान केलं.

१५ सप्टेंबर

आज जैनांची संवत्सरी. दरवर्षी या दिवशी राजकुंवर उपास सोडायच्या आधी भिंतीशी येते, हात जोडते आणि म्हणते, वर्षभरात माझ्याकडून मन दुखावलं असेल तर क्षमा करा. दरवर्षी मी सांगते — पानं दुमडता ती सोडून बाकी सगळं माफ.

यंदा तिने हात जोडले आणि मला ते म्हणता येईना. “माफ नाही,” म्हटलं. “गेलात तर माफ नाही.”

ती तशीच हात जोडून उभी. किती वेळ. शेवटी मीच हात जोडले.

२५ सप्टेंबर, रविवार

धुळ्याला जाऊन आले. राजकुंवरच म्हणाली, “एकदा बघा तरी, मग बोला.” एस. टी.त खिडकीजवळची जागा मला दिली. पारोळ्याला भुईमुगाच्या शेंगा घेतल्या; मी खाल्ल्या, तिने सोलून दिल्या.

साध्वी पावसाळाभर एका जागी थांबतात, या धुळ्यात थांबल्या आहेत. एक मोठ्या, सगळ्या त्यांना महासतीजी म्हणतात, बरोबर तिघी लहान. मला वाटलं होतं, डोळे मिटून बसलेल्या असतील. मोठ्या एका लहानीला कपडा कसा शिवायचा ते दाखवत होत्या, ती चुकली म्हणून दोघी हसत होत्या. तोंडावर पट्टी, पण हसणं डोळ्यांत दिसतं.

मी सरळ विचारलं, “हिचे गुडघे पाहिलेत का?”

“पाहिले. आम्ही म्हटलं, राहू द्या. त्या म्हणतात, हळू चालेन.”

“थंडीत, उन्हात, अनवाणी?”

“बाई, आम्ही कोणाला बोलवत नाही. येणाऱ्याला दोनदा परत पाठवतो. या तिसऱ्यांदा आल्या.”

तिसऱ्यांदा! आणि मला एकदाच सांगितलं.

परतताना अंधारून आलं. एरंडोलच्या पुढे गाडी थांबली, कोणाच्या कोंबड्या टपावर होत्या. राजकुंवर म्हणाली, “तुमच्या सिस्टर कुठल्या?”

“आयर्लंडच्या.”

“त्यांना आई होती?”

“असणारच.”

“गेल्या कधी परत?”

“नाही. भुसावळलाच वारल्या. तिथेच पुरलंय त्यांना.”

“मग त्यांच्यावर नाही रागावलात कधी?”

मी म्हटलं, “त्या माझ्याकडे आल्या होत्या. माझ्यापासून गेल्या नव्हत्या.”

बोलून गेले. तिने माझा हात हातात घेतला तो स्टँड येईपर्यंत. दोघी बाहेर बघत होतो. खिडकीतून काही दिसत नव्हतं.

१२ ऑक्टोबर

आजी आणि नातीची कादंबरी आणली, ‘जाईची आज्जी’. साखर जास्त. नात पाच वर्षांची आणि बोलते पन्नाशीच्या बाईसारखी. पण मला चांगल्या-वाईटाशी कर्तव्य नव्हतं. अभयकुमारची धाकटी राजकुंवरच्या मांडीवर झोपते, तेवढं मनात होतं.

तिचा निकाल: “नात गोड आहे. आजीला मात्र सबंध पुस्तकात एकदाही कोणी विचारत नाही, तुला काय हवं.”

१० नोव्हेंबर

पाडवा. फराळाचं ताट आलं. माझंही गेलं. पुस्तकाबद्दल बोलणं नाही. ती भराभर घर आवरते आहे, साड्या वाटते आहे. मला तिची जांभळी शाल आणून दिली. घेतली नाही. “तुम्ही पांघरा,” म्हटलं. “थंडी पडेल आता.”

अभयकुमार रस्त्यात भेटला की माझ्याकडे बघतो. मी मान हलवते — अजून नकोच. त्याच्या तोंडावर सुटका दिसते, आणि मागोमाग लाज. माझ्याही दिसत असेल.

२७ नोव्हेंबर

तीन पुस्तकं अर्धी टाकली. लेखकांचा दोष नाही. वाचताना सारखं वाटतं, हे तिला बांधेल का? मग पान उलटतं आणि मागचं आठवत नाही. अशाने मी वाचणंच विसरेन.

६ डिसेंबर

संताप आला आहे. लिहून काढते.

महासतीजी धुळ्याहून पायी इथे आल्या, चार दिवस झाले. राजकुंवरने कळवलं, उद्या-परवा आपल्या गल्लीत गोचरीला येतील — म्हणजे घरोघर जाऊन थोडं थोडं अन्न घेतील — तुमच्याकडेही येतील. मला वाटलं, ठीक. या घरात काय मिळतं आणि ते सोडून राजकुंवर कुठे निघाली आहे, ते दाखवू. मंदाबाईला पहाटे बोलावलं. वरण-बट्टी, वर साजूक तूप, गव्हाची खीर. कांदा नाही, लसूण नाही, वांगं नाही — एवढं मला कळतं. पाटावर पांढरं कापड घातलं. सिस्टरांनी शिकवलं तसं, चारी कोपरे सारखे.

बाराच्या सुमारास मोठ्या महासतीजी आणि एक लहान, हातात लाकडी पात्रं. “दया पालो,” त्यांनी दारातून आशीर्वाद दिला. मंदाबाई ओचा सावरून दूर उभी राहिली.

त्यांनी पातेल्याकडे पाहिलं. “घरात किती माणसं?”

“मी एकटी.”

“मग एवढं?”

“तुमच्यासाठी केलं!” मी म्हटलं. किती मिजाशीत म्हटलं!

त्यांनी लहानीकडे पाहिलं. हात जोडले. “मग आम्हाला चालणार नाही, बाई. सकाळची भाकरी उरली आहे?”

भाकरी कुठली? सगळी पहाट बट्ट्यांत गेली होती. “पाणी तरी?” मी म्हटलं. त्यांना उकळलेलंच चालतं, आणि तेही ठेवलेलं नव्हतं. हात जोडून गेल्या. आमच्या उंबऱ्यावरून रिकाम्या पात्रांनी गेल्या!

मंदाबाई म्हणाली, “अक्का, काय चुकलं आपलं?” मी म्हटलं, आपलं काही चुकलं नाही. खीर तिला डबाभर दिली. मी घोटभर पाण्यावर आहे.

वीस वर्षं शेजारी राहते. माझ्या दारातून उपाशी माणूस परत जावा?

७ डिसेंबर

राजकुंवर सकाळीच आली. भिंतीशी नाही, दारातून. येऊन स्वयंपाकघरात पाटावर बसली. गुडघा वाजला.

“चूक माझी. तुम्हाला सांगायला हवं होतं.”

“अपमान करायला येतात का तुमच्या महासतीजी?”

“त्यांच्यासाठी म्हणून केलेलं त्या घेत नाहीत. कोणावर आपला भार नको. तुम्ही स्वतःसाठी केलेलं असतं, त्यातला घास चालतो. न सांगता यायचं, असेल ते थोडं घ्यायचं, की घरच्यांना कमी पडू नये आणि पुन्हा चूल पेटवावी लागू नये.”

“मग माझं प्रेम कुठे ठेवू मी?” असं काहीतरी म्हणाले. आवाज चढला होता.

 ती हळू म्हणाली, “बाईजी, श्रावणापासून तुम्ही पुस्तकं माझ्यासाठी आणता आहात.”

मी पदराने ओटा पुसला.

“पूर्वी तुम्हाला हवं ते आणायचात. वाचून हसायचात, मला भिंतीपलीकडे ऐकू यायचं. मग त्यातलं मी वाचायची. एवढं गोड काही नव्हतं मला. आता तुम्ही हसत नाही.”

“तुम्ही जाताय म्हणून.”

“मी जाते म्हणून तुमचं वाचणं थांबावं, तर मग मला जाताच येणार नाही.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “अभय आज्ञा देत नाही तो तुमच्या सांगण्यावरून. मला माहीत आहे. मी रागावले नाही. मला कोणी एवढं धरलं नव्हतं. लग्नात वडिलांनी दिलं, इकडे सासऱ्यांनी घेतलं. कोणी विचारलं नव्हतं. पण ही गोष्ट मी स्वतः मागते आहे. आयुष्यात पहिली.”

चहा केला. माझ्यापुरताच टाकला होता. त्यातला अर्धा तिला दिला.

९ डिसेंबर

वाचनालयात गेले आणि कपाटापुढे उभी राहून स्वतःला विचारलं — तुला काय वाचायचंय? पाच-सहा पुस्तकं काढून परत ठेवली. मग एक पातळसं पुस्तक काढलं, दीपगृहावर नोकरी केलेल्या माणसाचं. ‘खडकावरची बारा वर्षं’. वाचताना कोणाचाच विचार केला नाही. फार सुंदर. माणूस दिवा लावतो, जहाजं लांबून जातात. एकही जहाज त्याच्याकडे येत नाही, आलं तर फुटेल. हे तो कुठे म्हणत नाही, मीच म्हणते. स्वयंपाक्याशी त्याची भांडणं तर इतकी खाष्ट की हसून हसून ठसका लागला.

ठसका थांबला तर पलीकडून राजकुंवर: “झालं की द्या.”

११ डिसेंबर, रविवार

अभयकुमारला बोलावून सांगितलं — दे आज्ञा. जाऊ दे तिला.

बराच वेळ तो टोपी हातात फिरवत बसला. “तुम्ही असं म्हणाल असं वाटलं नव्हतं, मावशी.”

मलाही.